दमट हवेत बाहेरच्या भिंतीला लाकूड लावायचं असेल तर

बाहेरच्या भिंतीला लाकडी क्लॅडिंग करायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लाकूड कुठलं घ्यायचं?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा. आधी विचारायला हवं ते असं की फळीच्या मागे हवा कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार, आणि मागे गेलेलं पाणी खाली कुठून गळून जाणार. या तिन्हींचं उत्तर नकाशावर नसेल तर उत्तम सागाची फळीसुद्धा टोकांकडून काळी पडत जाते. उत्तर नीट असेल तर मध्यम दर्जाचं लाकूडही निमूटपणे बरीच वर्षं काढतं.

उष्ण कटिबंधात लाकूड भिजणार, यात वाद नाही. वाऱ्यासोबत आडवा येणारा पाऊस कुठल्याही जोडातून आत शिरतो, कारण भिंतीच्या बाहेर आणि आत हवेच्या दाबात फरक पडतो आणि पाणी त्या दाबाने फटीतून ओढलं जातं. तो अडवायला सिलिकोन भरत बसणं हा सगळ्यात महागडा गैरसमज. सिलिकोन पाणी आत येण्याचे दहा रस्ते बंद करतं, अकरावा राहतोच. आणि आत आलेलं पाणी बाहेर पडायचे सगळे रस्ते मात्र चोख बंद होतात. म्हणून इथे पुढे जे काही लिहिलंय ते एकाच हिशोबाने: भिजलेलं लाकूड पुढच्या सरीच्या आत किती सुकतं.

ओलाव्याचं गणित

लाकूड हवेतल्या दमटपणाशी सतत जुळवून घेत असतं. साधारण २७ ते ३० अंश तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातला ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ६५ टक्क्यांना तो १२, ८० टक्क्यांना १६ आणि ९० टक्क्यांना २० च्या घरात जातो. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या बरंच वर, खरं तर तंतू पूर्ण ओले होतात त्या २८-३० टक्क्यांच्या आसपास लागतं. २० ही आपण सुरक्षिततेसाठी धरायची रेघ. म्हणजे भर पावसाळ्यात, पाण्याचा थेंबही न लागता, नुसत्या हवेमुळे फळी या रेघेजवळ येऊन थांबलेली असते. कोरड्या-थंड हवामानासाठी लिहिलेले तपशील इथे फसतात ते यामुळे. तिथे एका पावसानंतर फळीला परत खाली यायला भरपूर वाव असतो, इथे तो फारच कमी.

आता हालचाल. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. साध्या चिरकामाच्या (फ्लॅट सॉन) फळीत, मध्यम हालचालीच्या लाकडासाठी, ओलावा १ टक्का बदलला की रुंदी सुमारे ०.२५ टक्के बदलते असं धरा. साग याहून शांत, ०.१९ च्या आसपास. १४० मिमी रुंद फळी १२ टक्के ओलाव्यावर बसवली आणि पावसाळ्यात ती १८ वर गेली, तर फुगणार १४० × ०.००२५ × ६, म्हणजे २.१ मिमी. उन्हाळ्यात ९ वर आली तर आकसणार साधारण १ मिमी. जोडात ३ मिमीचा खेळ ठेवला की विषय संपला.

हीच फळी वातानुकूलित गोदामात ८ टक्क्यांवर सुकवून आणली, "एकदम कोरडा माल आहे" म्हणून घट्ट ठोकून बसवली, तर पावसाळ्यात १० टक्क्यांचा फरक पडेल आणि प्रत्येक फळी ३.५ मिमी फुगेल. भिंतीवर एकावर एक २० फळ्या असतील तर ७० मिमी जादा लाकूड जागा शोधायला लागतं. मग ते स्क्रू उपटतं, नाहीतर पोट काढून बाहेर येतं. लोक म्हणतात लाकूड खराब निघालं. लाकूड बरोबरच वागलं, ते गरजेपेक्षा कोरडं असताना घट्ट बसवलं गेलं होतं.

त्यामुळे माल साइटवर आला की लगेच ठोकायचा नाही. जमिनीपासून किमान ३०० मिमी वर, सावलीत, थरांमध्ये २० मिमीच्या पट्ट्या घालून, वरून झाकून पण बाजूने मोकळा असा दोन-तीन आठवडे ठेवायचा. मग ओलावा मोजायचा. दमट किनारी हवेत १४ ते १६ टक्के, आतल्या कोरड्या भागात १० ते १३ टक्के, हा बसवण्यासाठीचा बरा पल्ला. मीटर दोन सुयांचा असेल तर सुया तंतूंच्या दिशेला समांतर रोवा आणि मीटरमधलं लाकडाच्या जातीचं सेटिंग तपासा. तांब्याचे क्षार दाबून भरलेलं लाकूड असेल तर आकडा खोटा मोठा दिसतो, तेव्हा त्याच लॉटमधला एक तुकडा भट्टीत वाळवून, वजन करून पडताळा.

पोकळी

भिंतीकडून बाहेर येत गेलं तर थर असे: भिंत, तिच्यावर पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पडदा (ब्रीदर मेम्ब्रेन), मग बॅटन (फळी ज्यावर ठोकतात ती लाकडी पट्टी), मग फळी. बॅटनमुळे फळी आणि पडदा यांच्यात जी जागा उरते तीच सगळी करामत. ती किमान २५ मिमी हवी, दोन मजली किंवा त्याहून उंच भिंतीला ३८ ते ५० मिमी बरी. वर आणि खाली दोन्हीकडे ती उघडी हवी. खाली उघडी आणि वर वळचणीला बंद केली की हवा हलत नाही; ओल वर साचते आणि वरच्याच फळ्या आधी जातात, ज्या सगळ्यात कमी भिजतात. हे बघितल्याशिवाय पटत नाही.

फळ्या आडव्या असतील तर बॅटन उभ्या, सोपं. उभ्या फळ्यांना मात्र आडव्या बॅटन लागतात आणि आडवी बॅटन सरळ पडद्यावर टेकली तर तिच्यावर पाणी थांबतं आणि हवा अडते. इथे बॅटनचे दोन थर करावेच लागतात: आधी उभ्या, त्यांच्यावर आडव्या. "आडव्या बॅटनला मध्ये खाचा मारू, काम भागेल" असं म्हणणारा भेटेल. खाचांमध्ये कचरा, कोळ्याची जाळी आणि गिलाव्याचे ठिपके बसून त्या पहिल्या वर्षातच बुजतात. आडव्या बॅटनची वरची कड १५ अंश उतरती रंधली तर आणखी चांगलं.

बॅटनमधलं अंतर २० मिमी जाडीच्या फळीला ६०० मिमी, त्याहून बारीक असेल तर ४०० मिमी. जोरदार वारा असलेल्या किनाऱ्यावर आणि इमारतीच्या कोपऱ्यांपासून पहिल्या मीटरभरात तेही कमी करायला हवं, कारण वारा फळीला ढकलतो त्याहून जास्त बाहेर ओढतो, आणि कोपऱ्यावर ही ओढ सगळ्यात जास्त असते. बॅटन फळीइतकीच टिकाऊ किंवा प्रक्रिया केलेली हवी. सागाच्या फळीमागे पॅकिंगच्या पेटीचं लाकूड वापरलेली कामं कमी नाहीत. फळी ताजी दिसते आणि मागचा आधार भुसभुशीत झालेला असतो.

खालच्या आणि वरच्या तोंडाला जाळी लागतेच, नाहीतर पोकळीत पाली, उंदीर, गांधीलमाशा राहायला येतात. स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियमची, ३ ते ४ मिमी छिद्राची जाळी पुरते. त्याहून बारीक घेतली की धुळीने बुजते.

पडदा लावताना एकच नियम, पण तो रोज मोडला जातो: वरचा थर खालच्या थराच्या बाहेरून यायला हवा, कौलं चढवतात तसा. किमान १५० मिमी आच्छादन. एक कामगार वरून खाली येताना पट्ट्या लावत गेला तर उलटं होतं, आणि मग पडद्यावरून ओघळणारं प्रत्येक थेंब पडद्याच्या मागे जातं. हे फळ्या चढल्यावर कुणालाच दिसत नाही. फळ्यांमध्ये मुद्दाम ८-१० मिमी उघड्या फटी ठेवण्याची जी फॅशन आहे, तिथे नेहमीचा पडदा चालत नाही. फटीतून पडणारं ऊन त्याचा भुगा करतं. उन्हाला टिकणारा, काळा, खास उघड्या जोडांसाठीचा पडदा लागतो. साधा पडदा फळ्या लावायच्या आधीही उन्हात तीन-चार महिने उघडा राहू देऊ नये.

लाकूड

युरोपीय मानक ईएन ३५० मध्ये लाकडाच्या टिकाऊपणाचे १ ते ५ असे वर्ग आहेत. १ सर्वांत टिकाऊ. जुन्या झाडाचा साग, इपे, कुमारू हे पहिल्या वर्गातले. मेरबाऊ १-२, बालाऊ ऊर्फ बांगकिराई २, वेस्टर्न रेड सीडर २ च्या आसपास, केरुइंग ३. लागवडीचा, कमी वयात तोडलेला साग मात्र १ पासून ३ पर्यंत कुठेही असू शकतो. "साग आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. आणि हे सगळे वर्ग फक्त गाभ्याच्या लाकडाचे. सालीजवळचं पांढरं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, ते पाचव्या वर्गातलंच धरायचं. ऑर्डरमध्ये "पांढरं लाकूड चालणार नाही" हे शब्द हवेत, आणि माल उतरवताना प्रत्येक फळीच्या चारही कडा बघायला एक माणूस हवा. पांढऱ्या लाकडातलं स्टार्च पावडर-पोस्ट किड्यालाही (लाकूड पोखरून पूड करणाऱ्या भुंग्यालाही) आवडतं. मैद्यासारखी पूड फळीखाली दिसली की कारण बहुधा तेच.

पाइनसारखं टिकाऊ नसलेलं लाकूड दाबाखाली संरक्षक भरून वापरता येतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, औषध मुख्यतः पांढऱ्या लाकडात खोल जातं, गाभ्यात वरवरच. म्हणून साइटवर कापलेलं प्रत्येक टोक आणि पाडलेलं प्रत्येक छिद्र उघडंच. तिथे ब्रशने दोन हात संरक्षक लावल्याशिवाय फळी भिंतीवर जाऊ देऊ नका. दोन, नुसत्या बोरेटची (बोरॉनच्या क्षारांची) प्रक्रिया पावसात धुऊन जाते, ती उघड्या भिंतीसाठी नाही.

उष्णतेने बदललेलं लाकूड, म्हणजे १८० ते २३० अंशांत तापवलेलं, रुंदीत खूप कमी हलतं आणि बुरशीला दाद देत नाही. पण ठिसूळ होतं, कडेला स्क्रू लावला की फुटतं, आणि वाळवीला ते अजिबात रोखत नाही. वाळवीच्या प्रदेशात माहितीपत्रकातली "टिकाऊपणा वर्ग २" ही ओळ वाचून गाफील राहू नका, तो वर्ग बुरशीपुरता आहे. अॅसेटिक अॅनहायड्राइडने प्रक्रिया केलेलं लाकूड याहून भरवशाचं, हालचाल फारच कमी, पण त्यात उरलेल्या आम्लामुळे साधे खिळे पटकन खाल्ले जातात.

आकाराचं थोडक्यात: बाहेरच्या फळीची जाडी १८-२० मिमीच्या खाली नको, रुंदी १५० मिमीच्या वर नको, आणि रुंदी जाडीच्या सातपटीच्या आत ठेवा. २०० मिमी रुंद, १५ मिमी जाड फळी कॅटलॉगमध्ये झकास दिसते आणि पहिल्याच उन्हाळ्यात पन्हळीसारखी वळते.

किती माल लागेल? १४० मिमीची फळी एकमेकींवर १५ मिमी चढत असेल तर दिसणारी रुंदी १२५ मिमी, म्हणजे एका चौरस मीटरला ८ मीटर लांबी. कापाकापीचे १० टक्के धरून ८.८ मीटर. बॅटन ६०० मिमीवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन स्क्रू धरले तर चौरस मीटरला २७ स्क्रू, टोकांचे जादा धरून ३२.

स्क्रू, खिळे आणि काळे डाग

साधा किंवा नुसता झिंकचा मुलामा दिलेला खिळा इथे विसरा. टॅनिन (लाकडातलं नैसर्गिक तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात लोखंड ओल्यात आलं की निळसर काळा डाग पडतो आणि खिळ्याखालून शेपटीसारखा ओघळतो. डाग शोभेचा प्रश्न झाला. खरा त्रास असा की गंजत्या खिळ्याभोवतीचं लाकूडही मऊ पडत जातं आणि पकड सुटते. तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेल्या लाकडात गंजणं आणखी वेगाने होतं. आतल्या भागात ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, समुद्राजवळ ३१६.

समुद्राजवळ एक उलटी गोष्ट दिसते. पावसात धुतल्या जाणाऱ्या स्क्रूपेक्षा वळचणीखालचे, पाऊस न लागणारे स्क्रू आधी तपकिरी पडतात. कारण मीठ तिथे साचत जातं आणि धुवायला पाणी पोचत नाही. ३१६ ग्रेडवर काटकसर करायचीच असेल तर निदान वळचणीखाली करू नका.

२० मिमी फळीला ५० मिमी लांबीचा, ४.५ किंवा ५ मिमी जाडीचा स्क्रू. ३० मिमी बॅटनमध्ये गेला पाहिजे. जड, घट्ट लाकडाला आधी छिद्र पाडा. फळीतलं छिद्र स्क्रूच्या दांड्याहून १-२ मिमी मोठं, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो. बॅटनही जड लाकडाची असेल तर तिच्यातही दांड्याच्या पाऊणपट जाडीचं छिद्र हवं, नाहीतर स्टेनलेसचा स्क्रू पिळून मुंडक्याखाली तुटतो, आणि तुटलेला स्क्रू काढायला फळी फोडावी लागते. मुंडकं फळीच्या पृष्ठाशी सपाट बसलं की थांबा. आत रुतवलं तर तयार झालेल्या वाटीत पाणी साचतं.

दोन स्क्रू असतील तर ते कडेला नकोत, रुंदीच्या एक चतुर्थांश आतवर हवेत. अगदी कडेला दोन्हीकडे घट्ट बांधलेली फळी आकसताना मधोमध उभी चिरते, ही चीर दुरुस्त होत नाही. एकमेकींवर चढणाऱ्या फळ्यांत स्क्रू एकाच फळीतून जायला हवा. दोन फळ्या एकाच स्क्रूने बांधल्या की दोघी एकमेकींना ओढतात. खाच आणि जीभ असलेल्या अरुंद फळीला एकच स्क्रू पुरतो. टोकापासून किमान ५० मिमी, कडेपासून २० मिमी अंतर.

टोकं, जोतं, खिडक्या

फळीचं कापलेलं टोक पाणी ओढतं ते पृष्ठभागाच्या कितीतरी पट वेगाने, कारण तंतूंच्या नळ्या तिथे सरळ उघड्या असतात. क्लॅडिंग कुठे कुजलंय हे बघायचं असेल तर फळीच्या मध्यावर वेळ घालवू नका. टोक, जोड आणि स्क्रूभोवती बघा. दोन फळ्या टोकाला टोक भिडवून बसवल्या की त्यातलं पाणी केशाकर्षणाने धरून ठेवलं जातं. तिथे ८ ते १० मिमी फट सोडायची, म्हणजे पुढे ब्रशही आत जातो. भिडवणं "नीट सुतारकाम" वाटतं खरं, घरातल्या फर्निचरला ते शोभतंही. बाहेर नको. आणि जोड येतो तिथे मागे दोन बॅटन ठेवा, एकीवर दोन टोकं दाटीवाटीने बसवू नका.

उभ्या फळीचं खालचं टोक मागच्या बाजूला तिरकं कापायचं, १५ ते ३० अंशात, म्हणजे पुढच्या कडेवरून थेंब सुटतो आणि मागे वळत नाही. सगळी टोकं बसवण्याआधी मेणाच्या सीलरने किंवा दाट प्रायमरने दोन हात सील करायची. पहिला हात टोक पिऊन टाकतं, म्हणून दुसरा लागतोच. शिडीवर चढल्यावर करू म्हटलं की ते होत नाही. करवतीशेजारीच डबा आणि ब्रश ठेवा.

जमिनीपासून उंची किमान २०० मिमी, मुसळधार पावसाच्या भागात ३०० मिमी. कठीण फरशीवर आपटलेलं पाणी चिखलासकट वर उडतं, खालच्या दोन फळ्या त्यातच न्हातात. भिंतीलगत अर्धा मीटर रुंद जाड खडीचा पट्टा केला तर उडणं बरंच कमी होतं. गच्चीवर किंवा बाल्कनीत जागा नसते तिथे तरी १०० मिमीच्या खाली येऊ नका. आणि नंतर बागेवाला माती भरत भरत ही उंची गिळतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

खिडकीच्या वर धातूचं फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी): बाहेर उतार, पुढची कड फळीच्या १० मिमी पुढे येऊन खाली दुमडलेली, मागची बाजू पडद्याच्या आत सरकवलेली, आणि दोन्ही टोकं वर वळवलेली. शेवटचा भाग हमखास राहतो. टोकं वर वळवली नाहीत तर फ्लॅशिंगवर जमलेलं सगळं पाणी बाजूने जाऊन चौकटीच्या कोपऱ्यात पडतं, आणि घरात ओल दिसते ती खिडकीच्या खालच्या कोपऱ्याशी, वरचा दोष कुणाच्या लक्षात येत नाही. तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेल्या ओल्या लाकडावरून ओघळणारं पाणी अॅल्युमिनियमला आणि जस्ताला खातं, तिथे मध्ये थर हवा.

वातानुकूलित इमारत

हा भाग थंड देशांच्या तपशिलांची हुबेहूब नक्कल केली की सर्वांत जास्त त्रास देतो. तिथे वाफ आतून बाहेर जाते, म्हणून प्लास्टिकचा वाफरोधक भिंतीच्या आतल्या बाजूला लावतात. दमट-उष्ण हवेत आणि आत एसी असताना वाफ बाहेरून आत येते. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) २६ अंशांच्या जवळ असतो. खोली २३ वर ठेवली की आतल्या बाजूचा कुठलाही वाफरोधक थर, मग तो प्लास्टिकचा असो की व्हिनाइलचा वॉलपेपर, मागच्या बाजूने घाम धरतो आणि बुरशी वॉलपेपरच्या पाठीवर वाढते. त्यात पावसाने भिजलेल्या फळीवर ऊन पडलं की तिच्यातली वाफ आणखी जोराने आत ढकलली जाते. उपाय दोन: आतला पृष्ठभाग वाफ जाऊ देणारा ठेवा, आणि फळीमागची पोकळी खरोखर वाहती ठेवा, म्हणजे ही वाफ भिंतीपर्यंत न जाता वरून निघून जाते.

एसीच्या आतल्या युनिटमधून बाहेर काढलेल्या नळीचं पाणी सोडून देताना त्याची वाट क्लॅडिंगवर येत नाही ना, एवढं एकदा बघा. दिवसरात्र टपकणारी एक नळी वर्षभरात एक फळी संपवते.

वाळवी

जमिनीतली वाळवी मातीच्या बोगद्याने वर येते. जोत्यावर फळीखाली ७५ मिमीची उघडी पट्टी ठेवली तर तो बोगदा डोळ्यांना दिसतो. पट्टी झाकणारी प्लॅस्टरची पट्टी, खिडकीखालचा कट्टा, कुंड्यांची रांग हे तिचे लपायचे रस्ते. कोरड्या लाकडातली वाळवी मात्र उडत येते, तिला जमीनच लागत नाही. तिच्यासाठी लाकूडच प्रतिकारक हवं किंवा संरक्षक भरलेलं. तिच्या खुणा म्हणजे फळीखाली सहा कडांच्या, वाळूसारख्या बारीक गोळ्या.

तेल लावायचं की नाही

न लावताही चालतं. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन (तंतूंना एकत्र धरणारं द्रव्य) फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि फळी करडी होते. मऊ लाकूड असं शंभर वर्षांत साधारण ६ मिमी झिजतं, म्हणजे ताकदीच्या दृष्टीने किरकोळ. मात्र रंग एकसारखा होईल ही अपेक्षा ठेवू नका. वळचणीखाली तपकिरी, उघड्यावर करडा, ओल राहते तिथे काळे ठिपके असा नकाशा होतो, आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती तिरप्या उन्हामुळे आधी बदलतात. ग्राहकाला हे आधी दाखवा, नंतर सांगायला जाऊ नका.

पारदर्शक, फिल्म बनवणारं वार्निश नको. किरण त्यातून आरपार जाऊन खालचं लाकूड सैल करतात आणि वार्निश पापुद्र्यासारखं सुटतं. तेव्हा नुसता पुढचा हात लावता येत नाही, सगळं खरवडावं लागतं. आत मुरणारं, आयर्न ऑक्साइडचा रंग असलेलं तेल बरं. ते झिजतं, सुटत नाही. पश्चिमेच्या भिंतीला दर एक-दीड वर्षाने, सावलीच्या भिंतीला तीन-चार वर्षांनी हात. कच्चं जवसाचं तेल दमट हवेत टाळा, बुरशीला ते खाद्यच. सागासारख्या तेलकट लाकडाला लावण्याआधी पृष्ठ सॉल्व्हंटने पुसा. रंधलेल्या गुळगुळीत फळीपेक्षा करवतीची खरखरीत बाजू जास्त तेल पिते आणि जास्त टिकते, म्हणून शक्य असेल तिथे ती बाजू बाहेर. पहिला हात चारही बाजूंना, बसवण्याआधी. फक्त पुढची बाजू रंगवली की मागची जास्त ओलावा घेते आणि फळी वाळते-फुगते वाकडी. गडद रंग टाळावा, उन्हात त्याचं पृष्ठ ६० अंशांच्या पुढे सहज जातं आणि पाइनमधली राळ बाहेर येते.

आगीचं सविस्तर इथे घेत नाही, पण पोकळी म्हणजे आग लागल्यावर उभी धूरनळी, हे विसरून चालणार नाही. मजल्यागणिक आणि खिडक्यांभोवती अग्निरोधक लागतात. उष्णता लागली की फुगून पोकळी बंद करणाऱ्या पट्ट्या मिळतात, एरवी त्या हवा जाऊ देतात. अग्निशामक प्रक्रिया केलेलं लाकूड बाहेरच्या वापराच्या प्रमाणपत्राचंच घ्या, नाहीतर क्षार पावसात वाहून जातात. उंच इमारतींवर लाकूड मुळात परवानगीचं आहे का, हे आराखड्याच्या आधी विचारा.

वर्षातून एकदा

पावसाळा संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मीटर घेऊन भिंतीभोवती फिरा. प्रत्येक बाजूला खालून पहिली फळी, खिडकीखालचे कोपरे, पागोळ्या पडतात त्या जागा. हवा उघडल्यावरही कुठे २० च्या वर आकडा दिसला तर तिथे सुकण्यात अडथळा आहे: जाळी बुजलीय, वेल चढलाय, पन्हळ गळतंय किंवा बागेचा फवारा भिंतीवर येतोय. करडा झालेला भाग कुजलाय का हे टोच्याने कळतं. टोकदार टोचा तंतूंना आडवा थोडा रुतवून वर उचका: लांब, चिवट काडी निघाली तर लाकूड शाबूत, काडी आखूड, कटकन तुटली आणि खाली तपकिरी भुसा दिसला तर फळी बदलायची.

धुवायला मऊ ब्रश, पाणी, हिरव्या शेवाळाला सोडियम परकार्बोनेटचं द्रावण. लोखंडाच्या काळ्या डागांना ऑक्झॅलिक आम्ल, लिटरला सुमारे ५० ग्रॅम, हातमोजे आणि चष्मा घालून, नंतर भरपूर पाणी. प्रेशर वॉशर नको, तो मऊ तंतू खरवडतो आणि पाणी जोडांतून मागे मारतो.

काम संपताना त्याच लॉटच्या ५ टक्के फळ्या बाजूला काढून ठेवा, टोकं सील करून, पट्ट्या घालून, हवेशीर छपराखाली. आणि त्यांच्याबरोबर स्क्रूची एक पेटी आणि ड्रिलच्या बिटाचा आकार लिहिलेली चिठ्ठी. आडव्या फळ्यांची रचना अशी असावी की खालची एक फळी बाकीच्यांना न हलवता काढता येईल. उलगडून सांगायचं तर सर्वांत खालची फळी लपलेल्या क्लिपने नको, समोरून दिसणाऱ्या स्क्रूने बसवा.